कच्ची नोंद

सोळा पानं. कोपऱ्यातली पिन वाकडी.
प्रत्येक पानाच्या तळाशी सहीसाठी रेघ,
आणि माझं नाव कुठेच नाही,
सगळीकडे नुसतं 'सहभागी'.

खारघरच्या हॉस्पिटलात प्रणोती नावाची मुलगी भेटली,
समन्वयक म्हणे, वयाने आमच्या ऋतिकाएवढी.
मी विचारलं, यादृच्छिक म्हणजे काय गं?
म्हणाली, चिठ्ठी टाकल्यासारखं, मावशी,
पण कॉम्प्युटर टाकतो.
अर्ध्या बायकांना नेहमीचं औषध,
अर्ध्यांना नेहमीचं आणि वर नवं.
कुणाला काय, हे डॉक्टरांच्याही हातात नाही.

मला हसू आलं. तिला वाटलं रडू येतंय,
तिने पाण्याची बाटली पुढे केली.

चिठ्ठी मला माहीत आहे, बाई.
घणसोलीचं हे घर चिठ्ठीतच लागलं.
सिडकोच्या सोडतीला तीन अर्ज, तीनदा अनामत परत,
चौथ्यांदा यादीत: साळवी भालचंद्र दाजी.
ह्यांनी पेढे आणले,
आणि नाइकांचं नाव नव्हतं म्हणून
त्यांच्या दारावरून येताना बॉक्स शर्टाखाली लपवला.
आमचं पुण्याईने लागलं नव्हतं,
त्यांचं पापाने हुकलं नव्हतं.

आता हेच म्हणतात, "प्रयोग करणार तुझ्यावर. उंदीर आहेस का तू?"
म्हणतात आणि बाल्कनीत जाऊन उभे राहतात,
खाडीकडे तोंड करून, पाऊण तास.
ऋतिका म्हणते, आई, टक्के बघ.
ऐरोलीच्या नणंदेकडे कुणाची तरी गाठ
पपईच्या पानांनी विरघळली आहे.

मी एकोणीस वर्षं तुर्भ्याच्या फळबाजारात हिशेब लिहिला.
खरेदीदार यायचा,
पेटीतला एक आंबा उचलायचा, चाकूने उभा कापायचा,
हुंगायचा, चाखायचा,
मग बाकीच्यांचा भाव ठरायचा.
कापलेल्या आंब्याची नोंद मी कधी केली नाही.
तसा रकानाच नव्हता वहीत.

पान अकरा.
'आपण कोणत्याही वेळी, कारण न देता, माघार घेऊ शकता.
त्याने आपल्या उपचारांवर परिणाम होणार नाही.'
चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
बावन्न वर्षांत असं कुणी लिहून दिलं नव्हतं.
ना बोहल्यावर, ना गाळ्यावर, ना बाळंतखोलीत.
कारण न देता.
ते वाक्य मी ह्यांना लगेच वाचून दाखवलं नाही.
थोडा वेळ माझ्याजवळच ठेवलं.

पुढच्या बायकांना उपयोग होईल, असं पान चारवर आहे.
होवो. पण रात्री दोनला
काखेतली कळ दंडात उतरते तेव्हा
मला पुढच्या बायका आठवत नाहीत,
फ्रीजमधली दुधीची भाजी आठवते
आणि ती उद्या संपवायला हवी, हे.

मागच्या मात्र आठवतात, परवापासून.
गोळ्यांची पट्टी फोडताना मनात आलं,
ही नेहमीची गोळी कधीतरी नवी असणार.
कुणीतरी अशीच पानं मांडीवर घेऊन बसली असणार,
तिचा नवरा कुठल्यातरी पाण्याकडे तोंड करून.
तीही सहभागी.

आज प्रणोतीला फोन करून तीन प्रश्न विचारले.
नवं लागलं तर त्रास काय काय,
त्यात काही बिघडलं तर खर्च कुणाचा,
आणि मधेच तू नोकरी सोडलीस
तर मी कुणाला फोन करायचा?
पहिल्या दोनांना तिच्याकडे उत्तरं होती.
तिसऱ्याला गप्प झाली. मग म्हणाली, विचारून सांगते.
हे बरं वाटलं.
ज्यांना सगळं माहीत असतं
त्यांची मला हल्ली भीती वाटते.

गाळ्यावर कच्ची नोंद पेन्सिलीने व्हायची, पक्की शाईने.
मंगळवारी साडेदहाला बोलावलंय.
शेवटच्या पानावर, तारखेपुढे,
मी मंगळवारची तारीख घातली. पेन्सिलीने.
खोडरबर पर्समध्ये टाकला.